पाच टनांची मर्यादा : लातूरची बार्शी लाइट आणि संगणकावरचे इंजिन

१/
लातूरहून कुर्डुवाडीकडे जाणारी नॅरोगेज गाडी आता धावत नाही. तिचे रूळ उखडले गेले आणि २००८ पर्यंत त्या मार्गाची जागा ब्रॉडगेजने घेतली. संगणकावरील ट्रेन सिम्युलेटर खेळात मात्र ती पुन्हा चालू शकते. त्यासाठी इंजिन घडवणाऱ्याला आरंभीच एका रिकाम्या रकान्यात एक आकडा भरावा लागतो : प्रत्येक आसावर, म्हणजे ॲक्सलवर, किती टन भार? मराठवाड्याच्या रेल्वे-इतिहासाचा मोठा भाग या एका आकड्यात सामावलेला आहे.

२/
प्रथम या खेळाविषयी. मायक्रोसॉफ्टचा ‘ट्रेन सिम्युलेटर’ २००१ मध्ये आला. त्यात अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रिया आणि जपान येथील मिळून सहा मार्ग होते; भारतातील एकही नव्हता. परंतु या खेळाची रचना खुली होती. इंजिनाची आकृती एका फाइलमध्ये आणि त्याचे गुणधर्म दुसऱ्या, साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवलेले असत. ज्याला ही रचना समजली, त्याला आपल्या देशाचे इंजिन खेळात आणता येई. ‘ओपन रेल्स’ या मुक्त प्रणालीने ही परंपरा पुढे चालू ठेवली.

३/
अशा रीतीने जगभर हौशी घडवय्यांची एक पिढी उभी राहिली. भारतीय हौशींनी डब्ल्यूडीएम-२ सारखी डिझेल इंजिने घडवली. युरोपात डच इंजिनांची प्रतिरूपे झाली. बाहेरून पाहणाऱ्याला हे चित्रकाम वाटते : त्रिकोणांच्या जाळीतून आकार उभारायचा, त्यावर रंग आणि गंज चढवायचा. वस्तुतः हे काम इतिहासकाराच्या कामाला फार जवळचे आहे. डच इंजिनांच्या एका उदाहरणावरून हे चांगले उमजते. त्या उदाहरणाचा धागा मुंबईपर्यंत येतो आणि मग लातूरचा प्रश्न अधिक स्पष्ट होतो.

४/
डच रेल्वेच्या ‘१५००’ या वर्गाची इंजिने मुळात डच नव्हती. इंग्लंडमधील मँचेस्टरजवळच्या गॉर्टन कारखान्यात १९५३-५४ मध्ये अशी सात विद्युत इंजिने बांधली गेली. वुडहेड बोगद्यातून मँचेस्टर आणि शेफील्ड यांना जोडणाऱ्या मार्गासाठी ती होती. त्यांना इलेक्ट्रा, आरियाडने, डायना, पँडोरा अशी पुराणकथांतील नावे दिली होती. पुढे त्या मार्गावरील प्रवासी वाहतूक गुंडाळायचे ठरले आणि १९६९ मध्ये ही सातही इंजिने डच रेल्वेला विकण्यात आली.

५/
डच रेल्वेने ती घेण्याचे कारण तारेतील विजेत होते. वुडहेड मार्गावर १५०० व्होल्टचा डीसी प्रवाह होता आणि डच जाळ्यातही तोच. सातांपैकी सहा इंजिने नेदरलँड्समध्ये धावली. सातवे सुट्या भागांसाठी वापरले गेले. पिवळ्या-करड्या रंगात ही इंजिने १९८६ पर्यंत सेवेत होती. मँचेस्टरची डायना नेदरलँड्सची ‘१५०१’ झाली. आता समजा, कुणाला सिम्युलेटरसाठी ही डायना घडवायची आहे. त्याला पहिला प्रश्न पडतो : कोणत्या वर्षाची?

६/
१९५४ ची हिरव्या-काळ्या रंगपरंपरेतील इंग्रज डायना आणि १९७५ ची डच १५०१ यांचे क्रमांक, रंग, दिवे आणि ब्रेक निराळे. एकाच लोखंडी देहाची ही दोन आयुष्ये आहेत. जुन्या छायाचित्रातून दिव्यांची जागा घेतली आणि नव्या छायाचित्रातून रंग घेतला, तर कधीच अस्तित्वात नसलेले इंजिन तयार होते. म्हणून चांगला घडवय्या एखाद्या इंजिनाच्या एका विशिष्ट काळाचे प्रतिरूप करतो. ऐतिहासिक कादंबरीत १६५० च्या पात्राच्या हाती मिरची-बटाट्याची भाजी देताना लेखकाला जो विचार करावा लागतो, तोच हा विचार.

७/
१५०० व्होल्टचा हा धागा मुंबईपर्यंत पोहोचतो. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही हार्बर मार्गाची पहिली विद्युत गाडी धावली, ती याच १५०० व्होल्ट डीसी प्रवाहावर. एप्रिल २०१६ मध्ये मुंबईच्या उपनगरी मार्गांवरून हा प्रवाह निरोप घेऊन गेला आणि त्याची जागा २५,००० व्होल्टच्या एसी प्रवाहाने घेतली. नेदरलँड्सच्या मुख्य जाळ्यात तो आजही आहे. म्हणजे तेथील घडवय्याला खिडकीतून दिसणारी रेल्वे आणि संगणकावरची रेल्वे यांचे नाते अजून तुटलेले नाही.

८/
शिवाय डायना आजही हयात आहे. सातांपैकी तीन इंजिने जपली गेली : डायना नेदरलँड्समध्ये आणि इलेक्ट्रा व आरियाडने इंग्लंडमध्ये. घडवय्याला शंका आली तर इंजिनाजवळ जाऊन फूटपट्टी लावता येते, चालकाच्या खोलीतील प्रत्येक कळ मोजता येते, मोटरचा आवाज टिपता येतो. सिम्युलेटरमधील उत्तम प्रतिरूपाच्या पाठीशी बहुधा असे जपलेले मूळ उभे असते. जेथे मूळ वस्तू नाही, तेथे काय करायचे? या प्रश्नासह आता मराठवाड्यात यावे.

९/
मराठवाड्याच्या रेल्वेची गंमत अशी, की एकाच प्रदेशात तीन वेगवेगळ्या रुंदीचे रूळ होते. नांदेडला मीटरगेज, म्हणजे दोन रुळांत १००० मिलिमीटरचे अंतर. लातूरला नॅरोगेज, म्हणजे अडीच फूट किंवा ७६२ मिलिमीटर. आणि विकाराबादहून बीदर, उदगीर, लातूर रोडमार्गे परळीकडे जाणारे ब्रॉडगेज, म्हणजे १६७६ मिलिमीटर. नेदरलँड्समधील मुख्य मार्गांचे अंतर १४३५ मिलिमीटर आहे आणि बहुतेक सिम्युलेटर मुळात तेच गृहीत धरतात. त्यामुळे येथील घडवय्याला इंजिनाच्याही आधी रूळ घडवावे लागतात.

१०/
नांदेडचा मार्ग निजामाच्या राज्यातील हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा. सिकंदराबाद ते मनमाड हा ३९१ मैलांचा मीटरगेज मार्ग १८९९ ते १९०१ या काळात टप्प्याटप्प्याने खुला झाला. नांदेड, पूर्णा, परभणी, जालना, औरंगाबाद ही गावे त्यामुळे एका सुतात ओवली गेली. १९९० च्या दशकात या मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाले. तरीही नांदेडची मीटरगेज गाडी संगणकावर पुन्हा उभी करणे तुलनेने सोपे आहे.

११/
याचे कारण प्रमाणीकरण. स्वातंत्र्यानंतर भारतीय रेल्वेने मीटरगेजसाठी देशभर ठरावीक वर्गांची वाफेची इंजिने घेतली : प्रवासी गाड्यांसाठी वायपी आणि मालगाड्यांसाठी वायजी. वायपी ८७१ झाली. वायजी हजाराहून अधिक. जमशेदपूरच्या टेल्कोमध्ये त्यांची मोठी संख्या बांधली गेली. यांतील काही इंजिने हरियाणातील रेवाडीच्या वाफइंजिन केंद्रात जपलेली आहेत. नांदेडच्या प्रतिरूपासाठी माप घ्यायचे झाले तर रेवाडीचे इंजिनही चालते, कारण दोन्ही एकाच नकाशावरून उतरलेली भावंडे आहेत.

१२/
लातूरचे तसे नाही. तेथील रेल्वे एका माणसाच्या एका कल्पनेतून जन्मली. त्याचे नाव एव्हरार्ड कॅलथ्रॉप. १८५७ मध्ये इंग्लंडमध्ये जन्मलेला हा अभियंता १८८२ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत इंजिन-निरीक्षक म्हणून भारतात आला. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी ही धान्य आणि कापसाची मोठी पेठ होती. परंतु मुंबई-मद्रास मार्ग तिच्यापासून २१ मैल दूर, कुर्डुवाडीवरून गेला होता. मधले अंतर बैलगाड्यांनी कापावे लागे. हे २१ मैल स्वस्तात कसे जोडावेत, हा कॅलथ्रॉपपुढचा प्रश्न होता.

१३/
त्या काळी छोट्या गेजच्या रेल्वेला फारसे गांभीर्याने घेतले जात नसे. हलके रूळ म्हणजे किरकोळ माल, अशी समजूत होती. कॅलथ्रॉपने गणित उलट्या बाजूने मांडले. हलका रूळ किती भार पेलतो? प्रत्येक आसावर ५ टन. मग इंजिन असो, प्रवासी डबा असो वा मालाची वाघीण, कुणाच्याही आसावर ५ टनांपेक्षा अधिक भार येता कामा नये आणि कुणीही त्यापेक्षा फार कमी भार घेऊन रूळ वाया घालवता कामा नये. संपूर्ण रेल्वे या एका आकड्याभोवती रचली गेली.

१४/
वाघिणीचे उदाहरण घ्यावे. चार आसांची वाघीण, प्रत्येक आसावर ५ टन, म्हणजे मालासह एकूण २० टन. यातील वाघिणीचे स्वतःचे वजन जितके कमी, तितका माल जास्त. म्हणून कॅलथ्रॉपने दाबून घडवलेल्या पोलादी सांगाड्याच्या, बोगी असलेल्या हलक्या वाघिणी घेतल्या. १८९६ मध्ये लीड्सजवळ न्यूले येथे चाचणीचा छोटा मार्ग टाकून त्याने आपली इंजिने आणि डबे तज्ज्ञांसमोर चालवून दाखवले. वळणे, चढ आणि भार यांची परीक्षा प्रत्यक्ष मार्गापासून हजारो मैल दूर झाली. आधी प्रतिरूप, मग प्रत्यक्ष, असा हा क्रम होता.

१५/
आता इंजिन. बार्शी लाइटची पहिली पाच इंजिने लीड्सच्या किटसन कंपनीने बांधली. त्यांची चाकरचना ०-८-४ : पुढे मोकळी चाके नाहीत, मध्ये आठ चालक चाके, मागे चार मोकळी चाके. आठ चालक चाके म्हणजे चार आस. प्रत्येकी ५ टन धरले तर इंजिनाचा २० टन भार चालक चाकांवर येतो. कोरड्या रुळावर लोखंडी चाकाची पकड ढोबळपणे भाराच्या एक चतुर्थांश असते. म्हणजे या इंजिनाची ओढ सुमारे ५ टनांपलीकडे जाऊ शकत नाही. त्याहून जोर लावला की चाके जागच्या जागी घसरतील.

१६/
सिम्युलेटरच्या फाइलमध्ये नेमके हेच आकडे मागितले जातात : एकूण वजन, चालक चाकांवरील भार, कमाल ओढ, पकड. आळशी घडवय्या दुसऱ्या एखाद्या इंजिनाची फाइल उचलून नाव बदलतो. मग पडद्यावर चित्र बार्शीचे दिसते आणि चालते ते भलतेच : चढावर न घसरणारे, पावसात न अडखळणारे, क्षणात वेग घेणारे. ज्याने ५ टनांचा आकडा प्रामाणिकपणे भरला, त्याच्या गाडीला चढ चढताना वाळू टाकावी लागते, डब्यांची संख्या मर्यादित ठेवावी लागते. त्या अडखळण्यात खरा इतिहास असतो.

१७/
बार्शी लाइट १८९७ मध्ये सुरू झाली. दख्खन तेव्हा भीषण दुष्काळात होते. पुढे १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोहोचली आणि विठ्ठलाच्या वारकऱ्यांची गाडी झाली. १९११ मध्ये ब्रिटिश मुलखातून निजामाच्या राज्यात शिरून ती लातूरला आली. लातूरच्या पेठेला मुंबईच्या बाजाराची वाट त्यामुळे मिळाली. १९२७ मध्ये दुसरे टोक मिरजेला भिडले आणि मिरज ते लातूर अशी सुमारे ३२५ किलोमीटरची रेल्वे पूर्ण झाली. त्याच वर्षी कॅलथ्रॉपचा मृत्यू झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात वैमानिकांसाठी ‘गार्डियन एंजल’ हे पॅराशूट घडवणाराही तोच.

१८/
बार्शीची छाया इंग्लंडवरही पडली. १९०४ मध्ये स्टॅफर्डशायरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड ही अडीच फुटी रेल्वे कॅलथ्रॉपच्याच मार्गदर्शनाखाली सुरू झाली. तिची दोन इंजिनेही किटसनची. त्यांच्या तोंडावर वसाहतीतील इंजिनांना असतात तसे प्रचंड दिवे होते. इंग्रज खेड्यात ते पाहून लोक चकित होत. ही रेल्वे १९३४ मध्ये बंद झाली. तरीही अवघ्या तीस वर्षांच्या या छोट्या मार्गाचे नाव इंग्रज रेल्वेप्रेमींनी पुस्तकांतून आणि लहान-मोठ्या प्रतिकृतींतून जिवंत ठेवले आहे. तिची थोरली बहीण लातूरला शंभर वर्षांच्या आसपास धावली.

१९/
थोरल्या बहिणीची नोंद मात्र विखुरलेली आहे. किटसन कंपनीने १९३८ मध्ये इंजिन बांधणे थांबवले. बार्शी लाइट १९५४ मध्ये सरकारी ताब्यात गेली आणि पुढे मध्य रेल्वेचा भाग झाली. वाफ गेली, डिझेल आले. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एकेका टप्प्याचे रुंदीकरण झाले. त्यात मार्गही बदलला : पूर्वी धाराशिव शहराला टाळून जाणारी लाइन नव्या आखणीत शहराला जोडून घेण्यासाठी वळवली गेली. म्हणून आजचा उपग्रह-नकाशा समोर ठेवून जुन्या मार्गाचे प्रतिरूप करणारा फसतो.

२०/
रुंदीकरणावर अश्रू ढाळण्याचे कारण नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहर पाण्याविना तडफडत होते. तेव्हा मिरजेहून निघालेली पाण्याची गाडी याच मार्गाने लातूरला आली. पहिल्या खेपेत दहा वाघिणी आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. एका वाघिणीत ५०,००० लिटर, म्हणजे ५० टन पाणी. चार आसांवर वाटले तर वाघिणीचे स्वतःचे वजन धरण्याआधीच प्रत्येक आसावर साडेबारा टन. कॅलथ्रॉपच्या रुळांनी हा भार पेललाच नसता.

२१/
हाच हिशेब उलट करून पाहावा. ५ टनांच्या मर्यादेत चार आसांची वाघीण एकूण २० टनांची. तिचे स्वतःचे वजन पाच-सहा टन धरले तरी पाण्यासाठी फार तर पंधरा टन उरतात. पाच लाख लिटर पाण्यासाठी अशा तेहतीसहून अधिक वाघिणी लागल्या असत्या आणि त्या ओढायला एकाहून अधिक गाड्या. ज्या आकड्याने १८९७ मध्ये बार्शीला रेल्वे मिळवून दिली, तोच आकडा एकशे एकोणीस वर्षांनी लातूरच्या तहानेला अपुरा पडला असता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि सिम्युलेटरवर दोन्ही चालवून पाहता येतात.

२२/
येथे या छंदाचे मोल दिसते. ग्रंथात वाचलेले ‘हलकी रेल्वे’ हे शब्द चटकन विसरले जातात. ज्याने स्वतः भार, ओढ आणि पकड यांचे आकडे भरून लातूरची मालगाडी चढावर अडकलेली पाहिली, त्याला वसाहतकालीन अर्थकारण हातात धरल्यासारखे समजते : भांडवल कमी का घातले गेले, डबे लहान का राहिले, पेठेतील माल ताटकळत का पडे. डच घडवय्याला डायनाजवळ जाऊन हे विचारता येते. लातूरच्या घडवय्यापुढे प्रश्न तोच आहे, फक्त साक्षीदार वेगळे आहेत.

२३/
ते साक्षीदार कोण? कुर्डुवाडीच्या नॅरोगेज कारखान्यात हात काळे केलेले कामगार. नॅरोगेज चालवलेले आणि आता निवृत्त झालेले चालक. लग्नाच्या वऱ्हाडाची वा वारीची छायाचित्रे, ज्यांच्या मागे चुकून एखादा डबा आला आहे. पिवळ्या पडलेल्या वेळापत्रकांची पाने. शिट्टी लांब होती की आखूड, ब्रेक सोडताना कसा आवाज होई, डब्याचा रंग नेमका कोणता, हे कारखान्याच्या नकाशात सापडत नाही. ते माणसांच्या स्मरणात असते आणि त्या स्मरणाला वय असते.

२४/
लातूरमध्ये आता मराठवाडा रेल्वे कोच कारखाना उभा आहे. तेथील पहिल्या डब्याचा सांगाडा २५ डिसेंबर २०२० रोजी तयार झाला. एकेकाळी लीड्सहून आलेल्या डब्यांची वाट पाहणारे गाव आता डबे घडवते. तेथील एखाद्या विद्यार्थ्याने संगणकावर बार्शी लाइटचे ०-८-४ इंजिन घडवायला घेतले, तर आरंभ कोठून करायचा हे स्पष्ट आहे. आधी वर्ष ठरवायचे. मग रूळ ७६२ मिलिमीटरचे करायचे. मग रिकाम्या रकान्यात ५ हा आकडा भरायचा. आणि रंग चढवण्यापूर्वी, वही घेऊन कुर्डुवाडीच्या एखाद्या निवृत्त चालकाचे घर गाठायचे.